कालिंजर : दुर्ग ओस पडला, नीलकंठ राहिला

उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात, विंध्य पर्वतरांगेतील एका सपाट माथ्याच्या डोंगरावर कालिंजरचा प्राचीन दुर्ग आहे. पायथ्याच्या मैदानापासून सुमारे ७०० फूट उंचीचा हा गड पूर्वमध्ययुगात उत्तर भारतातील अत्यंत बळकट दुर्गांपैकी एक मानला जात असे. आज तेथे शिबंदी नाही आणि राजवाडेही ओस पडले आहेत. पश्चिमेकडील उतारावर असलेल्या नीलकंठाच्या मंदिरात मात्र आजही पूजा होते आणि कार्तिक पौर्णिमेला भाविकांची गर्दी लोटते.

काळाला जिरविणारा पर्वत

स्थानिक आख्यायिका समुद्रमंथनाशी निगडित आहे. मंथनातून निघालेले हलाहल प्राशन केल्यावर शंकराचा कंठ निळा पडला. तो दाह शमविण्यासाठी शंकराने या पर्वतावर विश्रांती घेतली आणि येथेच काळावर मात केली, असे सांगितले जाते. काळाला जीर्ण करणारा तो कालंजर, अशी या नावाची व्युत्पत्ती परंपरेने दिली आहे. मंदिरातील शिवलिंगाचा कंठ सदैव ओलसर असतो व विषाचा दाह अजूनही पाझरतो आहे, अशी परिसरातील लोकांची श्रद्धा आहे.

ही श्रद्धा किल्ल्याच्या वैभवानंतर जोडलेली नाही. महाभारतात कालंजराचा उल्लेख तीर्थ म्हणून येतो. खजुराहो येथील इ. स. ९५४ च्या शिलालेखात चंदेल राजा यशोवर्मा याने कालंजर जिंकल्याचे वर्णन असून, त्यातही हा पर्वत शिवाचे निवासस्थान म्हणूनच गौरविला आहे. म्हणजे चंदेलांच्या हाती केवळ लष्करी ठाणे आले नव्हते. एका पवित्र स्थानाचे स्वामित्व आले होते.

दक्षिणेतही दबदबा

या स्वामित्वाचे मोल महाराष्ट्रापर्यंत पोहोचले होते. वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे सापडलेल्या इ. स. ९४० च्या ताम्रपटात, राष्ट्रकूट कृष्ण तिसरा याच्या दक्षिणेतील विजयाची वार्ता ऐकून गुर्जर राजाने कालंजर व चित्रकूट यांची आशा सोडली, अशा आशयाचे वर्णन आहे. पुढे मंगळवेढे व कल्याणी येथून राज्य करणारे कलचुरी स्वतःला ‘कालंजरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. गड त्यांच्या ताब्यात नव्हता आणि शेकडो कोस दूर होता. तरीही त्याचे नाव बिरुदात असणे हेच कुलाच्या प्रतिष्ठेचे लक्षण होते.

पाण्याची कसोटी

डोंगराच्या माथ्यावर कोटितीर्थ, पाताळगंगा, पांडुकुंड, मृगधारा अशी अनेक जलस्थाने आहेत. भाविकांसाठी ती तीर्थे होती. वेढ्यात सापडलेल्या शिबंदीसाठी तोच जीवनाधार होता. कडे व तटबंदी शत्रूला थोपवीत, परंतु गड किती दिवस टिकणार हे या कुंडांतील साठ्यावर ठरत असे.

इ. स. १०२३ मध्ये गझनीच्या महमुदाने कालिंजरला वेढा घातला. गड बळाने जिंकला गेला नाही. चंदेल राजा विद्याधर याच्याशी तह होऊन सुलतान परतला. सुमारे १८० वर्षांनी, इ. स. १२०२ मध्ये कुत्बुद्दीन ऐबकाच्या वेढ्याच्या वेळी चित्र पालटले. राजा परमर्दी मरण पावल्यानंतर त्याच्या मंत्र्याने प्रतिकार चालू ठेवला. परंतु अवर्षणाने गडावरील जलाशय आटले आणि शिबंदीला शरण जावे लागले, असे समकालीन फारसी बखरकार हसन निजामी याने नमूद केले आहे.

नीलकंठाच्या ओलसर कंठाचा उलगडाही याच पाण्यात आहे. मंदिराच्या वरच्या बाजूस खडकात खोदलेले स्वर्गारोहण कुंड आहे. डोंगराचा वरचा थर वालुकाश्माचा असल्याने पावसाचे व कुंडाचे पाणी त्यातून हळूहळू झिरपते आणि खालच्या खडकाला ओलावा मिळत राहतो. त्यामुळे आख्यायिका खोटी ठरते असे नव्हे. हा डोंगर पाणी धरून ठेवतो, हे जे सत्य शिबंदीने तहानेच्या वेळी जाणले, तेच लोकमानसाने कथेत जपले.

दुर्गाचा अस्त

इ. स. १५४५ मध्ये याच गडाच्या वेढ्यात दारूगोळ्याचा स्फोट होऊन शेरशाह सूर याचा मृत्यू झाला. इ. स. १५६९ मध्ये गड अकबराकडे गेला, नंतर बुंदेल्यांकडे आणि इ. स. १८१२ मध्ये इंग्रजांकडे. तोफांच्या व नंतर रेल्वेच्या युगात अशा डोंगरी ठाण्यांचे लष्करी महत्त्व संपले आणि गड ओस पडला.

कालिंजरच्या जतनाचा विचार करताना सहसा दरवाजे, तट व शिल्पे यांकडे लक्ष जाते. परंतु ज्या कुंडांनी गडाला तारले आणि ज्यांच्या ओलाव्याने आख्यायिकेला आधार दिला, ती या वारशाचा तेवढाच महत्त्वाचा भाग आहेत. चिरे ढासळले तरी पुन्हा रचता येतात. डोंगरातील पाण्याच्या वाटा एकदा बुजल्या, तर नीलकंठाचा कंठ ओला राखणे कोणत्याही कारागिराला साधणार नाही.