‘पुरेसे’ म्हणजे किती? सेमी-ऑटोमॅटिक रायफल, शिकार आणि काडतुसाची निवड



गेल्या खेपेस आपण साधन आणि साध्य यांच्या नात्याविषयी बोललो. त्यावर अमेरिकेतल्या काही श्रोत्यांनी अगदी व्यवहारातला प्रश्न पाठवला : सेमी-ऑटोमॅटिक रायफलने शिकार करायची, तर काडतूस कोणते निवडावे? तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत हे कुठून आले, असे कुणाला वाटेल. पण निवड कशी करावी हा आमचा जुनाच विषय आहे. शिवाय ही निवड चुकली तर तिची किंमत निवडणारा भरत नाही, एक मुके जनावर भरते. म्हणून आज हाच प्रश्न घेऊ.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनी हौसेची शिकार संपवली आहे. तेव्हा आजचे बोलणे अमेरिकेतल्या कायदेशीर शिकारीपुरते आहे. शिकार करावी की करू नये हा वेगळा आणि मोठा प्रश्न. ती करायचीच असे ज्याने ठरवले आहे, त्याच्यावर कोणती जबाबदारी येते, एवढेच आज पाहायचे.

मराठीत आपण सरसकट ‘गोळी’ म्हणतो, तिथे दोन वस्तू आहेत. काडतूस म्हणजे पितळेची नळकांडी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. जनावरापर्यंत पोचते ती फक्त गोळी. बाकीचे सगळे तिला वेग देण्यासाठी. गोळीचे वजन ‘ग्रेन’मध्ये सांगतात. हे माप आपल्याला अगदीच परके नाही बरं का! इंग्रजी अमदानीत ठरलेला तोळा १८० ग्रेनचाच होता. म्हणजे मोठ्या जनावरासाठी वापरतात ती १८० ग्रेनची गोळी बरोबर एक तोळ्याची, आणि लहान .२२३ काडतुसातली ५५ ग्रेनची गोळी पाव तोळ्याहून जराशी जड.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच बार, पण पुढचे काडतूस आपोआप भरले जाते. एआर-१५ जातीच्या रायफलीत दारूचा थोडा वायू नळीतल्या भोकातून मागे वळवतात. त्याच्या दाबाने बोल्ट मागे सरकतो, रिकामे नळकांडे बाहेर फेकतो आणि परत येताना मॅगझिनमधले नवे काडतूस आत ढकलतो.

आता निवडीकडे येऊ. बहुतेक लोक कसे निवडतात? घरात रायफल आहे, तिला अमुक काडतूस लागते, मग ते घेऊन कशाची शिकार करता येईल? हा क्रम उलटा आहे. साधनापासून सुरुवात केली की साध्य साधनाच्या मापाने कापले जाते. सुरुवात जनावरापासून करायला हवी. जनावर कोणते, किती अंतरावर, गोळी त्याच्या शरीरात कुठपर्यंत पोचायला हवी, त्यासाठी कशी गोळी आणि किती वेग हवा, आणि मग एवढे देणारे काडतूस कोणते. रायफल सगळ्यात शेवटी.

गोळी मारते कशी? ‘धक्क्याने’ असा समज आहे, तो फारसा खरा नाही. छातीतून गेलेली गोळी फुप्फुसे, हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या फाडते. रक्तदाब कोसळतो आणि मेंदूला रक्त मिळेनासे होते. पांढऱ्या शेपटीच्या हरणात ही जागा साधारण २० सेंटीमीटर रुंद, म्हणजे जेवणाच्या लहान ताटलीएवढी असते. गोळीने तिथवर खोल जावे आणि जाताना फुलून रुंद व्हावे, अशा दोन अपेक्षा असतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. फार लवकर फुलणारी गोळी वरवरची भयंकर जखम करून थांबते. न फुलणारी गोळी बारीक भोक पाडून आरपार जाते आणि जनावर मैलभर जाऊन तासांनी मरते. म्हणून शिकारीसाठी फुलणारी गोळी घेतात. लष्करी धर्तीची पूर्ण आवरणाची गोळी यासाठी नव्हे, आणि अनेक राज्यांत तिला बंदीही आहे.

इथे आकड्यांची एक गंमत बघा. .२२३ रेमिंग्टनची ५५ ग्रेनची गोळी नळीच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे ९९० मीटर वेगाने निघते. तिची ऊर्जा होते सुमारे १,२८० फूट-पाउंड. .३०० ब्लॅकआउटची १२५ ग्रेनची गोळी सुमारे ६७५ मीटर वेगाने निघते, आणि ऊर्जा सुमारे १,३६० फूट-पाउंड. आकडे जवळपास सारखे, पण काम सारखे नाही. पहिली हलकी आणि वेगवान आहे. हाडावर आपटली तर तिची तुकडे होऊन थांबण्याची भीती जास्त. दुसरी जड आहे, जवळून नीट खोल जाते. मात्र बऱ्याच शिकारी गोळ्यांना फुलायला सेकंदाला साधारण ५५० मीटर वेग लागतो, आणि ब्लॅकआउटचा वेग दीडशे यार्डांच्या आसपास त्या रेषेवर येऊन ठेपतो. तेव्हा खोक्यावरचा एक आकडा वाचून निवड करणे म्हणजे माणसाचे वजन पाहून त्याला नोकरी देणे झाले.

मग रायफलची मर्यादा. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल निरनिराळ्या लांबीच्या काडतुसांसाठी बनवतात. एआर-१५चे मॅगझिन मात्र सुमारे २.२६ इंच लांबीपर्यंतचेच काडतूस घेते. या चौकटीत बसवायला म्हणून नवी काडतुसे निघाली : २००३च्या सुमारास ६.५ ग्रेंडेल, २०११मध्ये प्रमाणित झालेले .३०० ब्लॅकआउट, २०१९मध्ये .३५० लेजंड. ग्रेंडेलची १२३ ग्रेनची गोळी सुमारे १,८०० फूट-पाउंड ऊर्जेने निघते आणि लांब, निमुळती असल्यामुळे वेग टिकवते. हरणासाठी दोनशे यार्डांच्या पुढेही ती भरवशाची. .३०८ विंचेस्टर मात्र या चौकटीत मावत नाही. त्याला एआर-१० जातीची मोठी, जड रायफल हवी. त्याची १५० ग्रेनची गोळी सुमारे २,६५० फूट-पाउंडांची, म्हणजे .२२३च्या दुप्पट.

खोक्यावरचे वेग बहुधा २४ इंची नळीतून मोजलेले असतात, आणि आपल्या रायफलीची नळी असते १६ इंची. .२२३मध्ये दर इंचामागे सेकंदाला साधारण ७ ते १० मीटर वेग जातो. आठ इंचांचा हिशेब तुम्हीच करा. तेव्हा अंतराची मर्यादा आपल्या नळीवरून ठरवायची, जाहिरातीवरून नव्हे.

कायदा काय म्हणतो? तो राज्यागणिक वेगळा आहे. कोलोरॅडोत हरीण, एल्क यांसाठी गोळीचा व्यास किमान .२४ इंच हवा, म्हणून .२२३ तिथे बादच. हरणासाठी गोळी किमान ७० ग्रेनची, एल्कसाठी ८५ ग्रेनची आणि फुलणारी हवी, १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाउंड हवेत, आणि सेमी-ऑटोमॅटिकमध्ये चेंबर धरून सहाच काडतुसे. ओहायोत २०१४पासून सरळ भिंतीच्या नळकांड्याची काडतुसे हरणासाठी चालतात; .३५० लेजंड निघाले ते अशाच राज्यांसाठी. पेनसिल्व्हेनियाने २०१७मध्ये लहान जनावरांसाठी सेमी-ऑटोमॅटिकला मुभा दिली, पण हरणासाठी त्या वेळी दिली नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. मेलेल्या जनावरातले शिसे काँडोर गिधाडांच्या पोटात जाते, म्हणून. तिथे तांब्याची गोळी घ्यावी लागते. ती सहसा अखंड राहते आणि खोल जाते, पण फुलायला तिला वेग जरा जास्त लागतो. तेव्हा जिथे शिकार करायची तिथले चालू वर्षाचे नियम वाचणे ही पहिली पायरी. पण कायदा किमान सांगतो, पुरेसे सांगत नाही. कोलोरॅडोची ऊर्जेची अट हरणाला आणि एल्कला एकच आहे. हरीण ५० ते १०० किलोचे, आणि एल्कचा मोठा नर ३०० किलोच्या पुढचा!

मग सगळ्यात मोठे काडतूस घेतले की प्रश्न मिटला का? इथे आमचा अ‍ॅरिस्टॉटल मदतीला येतो. दहा माप अन्न जास्त आणि दोन माप कमी, म्हणून प्रत्येकाला सहा माप द्यावे असे होत नाही, असे तो म्हणतो. मिलो मल्लाला सहा कमी पडतील, नवशिक्याला जास्त होतील. काडतुसाचेही तसेच. फार धक्का देणारे काडतूस माणसाला चाप ओढायच्या आधीच दचकवते आणि नेम ढळतो. छातीत नीट बसलेली ग्रेंडेलची गोळी पोटात बसलेल्या .३०८पेक्षा शंभरपट दयाळू. वायूवर चालणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये धक्का थोडा सौम्य वाटतो, हा तिचा खरा गुण. अनेक जण तो सोडून दुसऱ्याच गुणावर भिस्त ठेवतात.

तो दुसरा गुण म्हणजे झटपट दुसरा बार. ‘पहिली नाही लागली तर दुसरी आहेच,’ असे मनात आले की काडतूस जरा कमी चालेल असे वाटू लागते, अंतर जरा जास्त चालेल असे वाटू लागते. आदिपर्वातला पंडू आठवा. हरणाच्या रूपातल्या किंदम ऋषीवर आणि त्याच्या जोडीदारणीवर त्याने लागोपाठ पाच बाण सोडले. मरताना ऋषीची तक्रार काय होती? राजाने मृग मारला ही नव्हे. कोणत्या वेळी, कशा अवस्थेत मारले, ही होती. मारण्याचा अधिकार मान्य केला तरी रीतीचा जाब द्यावाच लागतो. म्हणून आमचे म्हणणे असे : काडतूस निवडताना मॅगझिनमध्ये एकच काडतूस आहे असे समजून निवडा. दुसरा बार जखमी जनावराची सुटका लवकर करण्यासाठी राखून ठेवायचा. पहिल्या बाराच्या हिशेबात तो धरायचा नाही.

आता हाच हिशेब लावून पाहू. टेक्सासात शंभर यार्डांच्या आतले हरीण किंवा मध्यम रानडुक्कर असेल, तर ६.५ ग्रेंडेल उत्तम, आणि जड फुलणारी गोळी असेल तर .३०० ब्लॅकआउटही चालेल. मात्र थोराड नर डुकराच्या खांद्यावर जाड चिवट ढाल असते, तिथे ब्लॅकआउटची मंद, सबसॉनिक काडतुसे नकोत. टेक्सासात हरणाला .२२३ चालते. पण मजबूत बांध्याची जड गोळी, जवळचे अंतर आणि संयमी हात या तिन्ही गोष्टी असतील तरच, आणि नवशिक्याकडे तिसरी सहसा नसते. ओहायोत दीडशे यार्डांपर्यंत .३५० लेजंड. कोलोरॅडोत एल्क असेल तर एआर-१० आणि .३०८ची १६५ ते १८० ग्रेनची गोळी. ती जड रायफल डोंगरात वाहून न्यायची नसेल, तर एल्कचा नाद सोडावा.

दोन गोष्टी प्राणाशी गाठ घालणाऱ्या आहेत. .३०० ब्लॅकआउट आणि .२२३ एकाच मॅगझिनमध्ये बसतात. ब्लॅकआउटचे काडतूस चुकून .२२३च्या नळीत गेले आणि बार झाला, तर रायफल फुटते. म्हणून दोन्ही एका पिशवीत कधीही ठेवू नयेत आणि मॅगझिनवर ठळक खुणा असाव्यात. दुसरे, सेमी-ऑटोमॅटिक प्रत्येक काडतूस सारखेच गोडीने घेत नाही. जी गोळी शिकारीला न्यायची, तीच आधी चांदमारीत दोन-तीन खोकी चालवून पाहावी : अडकते का, आणि त्या ताटलीएवढ्या वर्तुळात प्रत्येक वेळी बसते का. ज्या अंतरावर ती बसेनाशी होते, तिथे आपली मर्यादा संपली. काडतुसाची अजून संपलेली नसेल, तरीही.

‘पुरेसे’ हा शब्द आपण नेहमी स्वतःकडून मोजतो : मला परवडते का, मला झेपते का, माझ्याकडे आहे का. इथे तो समोरच्या जिवाकडून मोजायचा आहे. हरणाला तुमच्या रायफलीची जात ठाऊक नसते. त्याच्या वाट्याला येते ती एक गोळी, आणि ती कोणती असावी हे तुम्ही घरी बसून, शांतपणे, कितीतरी दिवस आधी ठरवलेले असते. त्या ठरवण्याला जेवढा वेळ द्याल, तेवढा त्या जनावराचा मरणाचा वेळ कमी होईल.

प्रश्न असतील तर जरूर पाठवा. पुढच्या खेपेस त्यांच्यापासूनच सुरुवात करू.