चौकोनाच्या डोक्यावर पाणी

वही घ्या आणि एक चौकोन काढा. आत एक उभी रेघ, एक आडवी. दिसतेय ना चार तावदानांची खिडकी? चिनी लिपीत मात्र हे आहे शेत! मधल्या रेघा म्हणजे बांध. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी चीनमध्ये कासवाच्या कवचांवर आणि बैलांच्या हाडांवर अक्षरं कोरायचे, तेव्हापासून हे चित्र जवळजवळ असंच आहे.

ही अक्षरं पुढे कोरियात पोचली. तिथे त्यांना ‘हान्जा’ म्हणतात. कोरियाची स्वतःची हान्गुल लिपी राजा सेजोंगने जाहीर केली १४४६ मध्ये. त्याआधी शेकडो वर्षं सगळी लिखापढी चिनी अक्षरांतच चालायची.

पण नुसतं ‘शेत’ लिहून कोरियातल्या शेतकऱ्याचं भागेना. पाणी अडवलेलं भाताचं खाचर वेगळं आणि कोरडवाहू रान वेगळं. शेतसारा ठरवायचा तर हा फरक कळायलाच हवा! चीनमध्ये खाचरासाठी दोन अक्षरं लिहीत, ‘पाणी’ आणि ‘शेत’. त्या काळी लिहायचे वरून खाली, म्हणजे पाणी वर, शेत खाली. कोरियात ही दोन्ही एकमेकांना चिकटली आणि एक नवंकोरं अक्षर तयार झालं. त्याचा उच्चार ‘दाप’. चिनी लिपीच्या घरातलं, पण जन्म कोरियातला!

काढून बघायचं? मधोमध उभी रेघ ओढा, तळाशी तिला डावीकडे बारीकसा आकडा द्या. डाव्या बाजूला एक फराटा, उजव्या बाजूला दोन. झालं पाणी. आता त्याच्याखाली आपला चौकोन. त्याची वरची आणि उजवी बाजू हात न उचलता एकाच झटक्यात काढायची. पाण्याच्या चार रेघा, शेताच्या पाच, एकूण नऊ.

दक्षिण कोरियात चांगन्यॉंग नावाचं गाव आहे. तिथे सिल्ला राज्याच्या जिनहुंग राजाने सन ५६१ मध्ये उभारलेला शिलालेख १९१४ साली सापडला. त्या दगडावर ‘दाप’ कोरलेलं आहे. म्हणजे हे अक्षर चौदाशेपेक्षा जास्त वर्षांचं!

आज कोरियात रोजचं लिहिणं हान्गुलमध्येच होतं, तरी ‘दाप’ शब्दांमध्ये टिकून आहे. मला सगळ्यांत आवडतो तो ‘चॉनसुदाप’: आभाळ, पाणी, खाचर. ज्याला ना पाट, ना तळं, फक्त पावसाचा भरवसा, ते खाचर.

जपानने नेमकं उलटं केलं. तिथे साधा चौकोन म्हणजेच भातखाचर. मग कोरड्या शेताचं काय? त्यांनी चौकोनाच्या डावीकडे ‘आग’ हे अक्षर जोडलं! रान जाळून तिथे पेरणी करायची जुनी रीत त्या अक्षरात आहे. आणि साधा चौकोन? तो होंडा आणि तोयोदा या जपानी आडनावांत शेवटी येतो. हो, तीच आडनावं, ज्यांच्यावरून गाड्यांच्या कंपन्यांची नावं पडली.