दोष यंत्राचा, मनुष्याचा, कीं फाइलीचा?

आमच्या शाळेच्या बक्षीस-समारंभास तीन दिवस उरले असतांना गेल्या वर्षीं कार्यालयांत एक प्रकार घडला. तो येथें सांगितल्यास विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कांहीं उपयोग होईल असें वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रशस्तिपत्रकें छापावयाचीं होतीं. इयत्ता नववींतील एक विद्यार्थी संगणकाच्या कामांत हुशार असल्यामुळें शिक्षकांच्या मदतीस येत असे. त्यास आम्हीं नव्या संगणकावरून ती फाइल छापावयास सांगितली. त्यानें आज्ञा दिली, प्रिंटर सुरू झाला, आणि प्रशस्तिपत्रकांऐवजीं इंग्रजी अक्षरें, आंकडे, कंस व टक्क्यांचीं चिन्हें यांनीं भरलेले कागद एकामागून एक बाहेर पडूं लागले. शिपायानें यंत्र बंद करीपर्यंत दीडशेंहून अधिक कागद वायां गेले. यंत्र पुन्हां सुरू करतांच तोच ओघ पुन्हां लागला. मुलगा म्हणाला, "सर, मी एकदांच बटण दाबलें." आम्हीं त्याचें ऐकून घेतलें नाहीं. चार माणसांदेखत त्यास रागें भरलों, व उद्यांपासून कार्यालयांत येऊं नकोस असें बजावलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याचे आजोबा शाळेंत आले. या गृहस्थांनीं उभा जन्म खिळ्यांच्या छापखान्यांत जुळारी म्हणून काढलेला. ते रागावले नाहींत. टेबलावरील वायां गेलेला एक कागद उचलून त्यांनीं तो वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलें, "सर, आमच्या वेळीं प्रुफांत चूक दिसली तर आधीं फर्मा पाहायचा, मग माणसाला बोलायचें. तुम्ही फर्मा पाहिलात का?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

फर्मा म्हणजे जुळविलेले खिळे चौकटींत आवळून छपाईसाठीं सिद्ध केलेला सांचा. खिळा उलटा बसला असेल तर तो फर्म्यांत डोळ्यांना दिसतो. मग आजच्या प्रिंटरचा फर्मा कोणता? तो कोठें पाहावयाचा? हें शोधूं लागलों तेव्हां आमच्या अज्ञानाची आम्हांस प्रथमच ओळख पटली.

संगणक प्रिंटरकडे बहुधा पानाचें तयार चित्र पाठवीत नाहीं. तो पानाचें वर्णन पाठवितो. 'हा टंक घे; कागदाच्या डाव्या कडेपासून इतक्या अंतरावर जा; हीं अक्षरें उमटीव; येथें रेघ ओढ; आतां पान बाहेर टाक,' अशा आज्ञांची ती एक लांबलचक यादी असते. ज्या भाषेंत ही यादी लिहिलेली असते, तीस पृष्ठवर्णनभाषा म्हणतात. प्रिंटरमध्यें बसविलेला एक लहानसा संगणक ती यादी वाचतो आणि तदनुसार आपल्या स्मृतींत ठिपक्यांचें चित्र तयार करतो. इंचास ६०० ठिपके या मानानें ए-४ आकाराच्या एका पानांत सुमारें साडेतीन कोटी ठिपके बसतात. तेव्हां आजचा फर्मा म्हणजे ही आज्ञांची फाइल होय.

या भाषांपैकीं तीन विशेष प्रसिद्ध आहेत. पहिली पोस्टस्क्रिप्ट. जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्के या दोघांनीं १९८२ सालीं अमेरिकेंत अॅडोबी नांवाची कंपनी स्थापिली, व १९८४ मध्यें ही भाषा प्रसिद्ध केली. पुढल्याच वर्षीं अॅपल कंपनीच्या लेझररायटर या प्रिंटरमध्यें ती आली, आणि घरच्या मेजावर पुस्तकाचें पान सजविणें शक्य झालें. या भाषेचा एक विशेष मराठी मुलांस गमतीचा वाटेल. आपल्या वाक्यांत क्रियापद जसें शेवटीं येतें, तसेंच तिच्यांतहि येतें. '७२ ७२० मूव्हटू' असें लिहिलें म्हणजे डावीकडून ७२ व खालून ७२० मापांवर जा, असा अर्थ. इंचाचे ७२ भाग मानलेले असल्यामुळें ती जागा डाव्या कडेपासून १ इंच व तळापासून १० इंच अंतरावर येते.

दुसरी भाषा पीसीएल. ही ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीची असून १९८४ सालच्या लेझरजेट प्रिंटरबरोबर तिचा प्रसार झाला. साधें अक्षर आलें तर तें तसेंच छापावें, आणि 'एस्केप' नांवाचें विशेष चिन्ह, ज्याचा अंक २७ आहे, तें आलें तर त्यापुढील मजकूर आज्ञा समजावा, असा हिचा नियम आहे. तिसरी पीडीएफ. ही १९९३ मध्यें अॅडोबीनेंच काढली, व २००८ सालीं ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली.

एवढें समजल्यावर आमच्या वायां गेलेल्या कागदांचें कोडें आपोआप उलगडलें. पहिल्या कागदाच्या आरंभींच %! हीं चिन्हें व त्यांपुढें पीएस हीं इंग्रजी अक्षरें होतीं. पोस्टस्क्रिप्ट फाइलीची ती ओळखखूण होय. आमच्या प्रिंटरला मात्र ती भाषा येतच नव्हती. त्यास केवळ पीसीएल कळत असे. नवा संगणक बसवितांना त्यांत पोस्टस्क्रिप्टचा ड्रायव्हर घातला गेला होता, म्हणजे हा दुभाषी संगणकाचें म्हणणें प्रिंटरला न समजणाऱ्या भाषेंत सांगत होता. फाइलींत 'एस्केप' चिन्ह नसल्यामुळें प्रिंटरनें प्रत्येक आज्ञा साधा मजकूर समजून इमानानें छापली. यंत्र बंद करून सुरू केल्यावरहि तोच ओघ कां लागला, याचेंहि कारण साधें आहे. अपुरें राहिलेलें काम संगणकाच्या रांगेंत पडून असतें, व यंत्र जागें होतांच संगणक तें पुन्हां पाठवितो. मुलानें बटण खरोखरच एकदां दाबलें होतें.

हा प्रकार सर्वांत ठळक. परंतु फाइलीच्या दोषांचीं आणखीहि लक्षणें आहेत. वैद्य जसा नाडी पाहून रोग ओळखतो, तसा कागद पाहून दोष ओळखावा लागतो.

कधीं मजकुराऐवजीं एकच कागद निघतो व त्यावर 'एरर' आणि 'ऑफेंडिंग कमांड' असे शब्द असतात. हा कागद फेकूं नये. तो यंत्राचा कबुलीजबाब आहे. 'अनडिफाइन्ड' असेल तर यंत्रास अनोळखी शब्द भेटला, म्हणजे फाइल वाटेंत बिघडली असण्याचा संभव आहे. 'व्हीएमएरर' असेल तर यंत्राची स्मृति अपुरी पडली. 'इन्व्हॅलिडफॉन्ट' असेल तर टंकांत दोष आहे. ज्या शब्दापाशीं यंत्र अडलें तो तेथें लिहिलेला असतो. मात्र ठेंच जेथें लागली तेथेंच वाट चुकली होती असें नेहमींच नसतें, हें ध्यानांत ठेवावें.

कधीं सर्व पानें निघतात आणि शेवटचें तेवढें निघत नाहीं. पोस्टस्क्रिप्टमध्यें पान पूर्ण झाल्यावर 'शोपेज' ही आज्ञा येते, व मगच कागद बाहेर पडतो. फाइल मध्येंच तुटली तर ती आज्ञा पोंचत नाहीं आणि यंत्र वाट पाहत बसतें. पीडीएफमध्यें तर कोणती वस्तु फाइलींत कोठें आहे याचें कोष्टक बहुधा अगदीं शेवटीं असतें. म्हणून अर्धवट उतरविलेली पीडीएफ पुष्कळदां उघडतच नाहीं.

कधीं यंत्र कागद असूनहि कागद मागतें. जुन्या लेझरजेट यंत्रांवर 'पीसी लोड लेटर' असा संदेश येई, व हें कोणतें पत्र घालावयास सांगतें, असा प्रश्न पुष्कळांस पडे. 'पीसी' म्हणजे कागदाची पेटी, आणि 'लेटर' म्हणजे अमेरिकेंत रूढ असलेला २१६ बाय २७९ मिलिमीटरांचा कागद. आपल्याकडील ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरांचा. फाइलींत 'लेटर' लिहिलेलें असेल तर यंत्र ए-४ कागद समोर असूनहि अडून बसतें, किंवा मजकुराची कड कापली जाते. इलाज यंत्रावर नव्हे, फाइलींतील कागदाच्या मापावर करावयाचा.

आपल्या भाषेस विशेष जाचणारा दोष टंकाचा आहे. आमचीं प्रशस्तिपत्रकें ड्रायव्हर सुधारल्यावर निघालीं खरीं, पण विद्यार्थ्यांच्या नांवांच्या जागीं निरर्थक इंग्रजी अक्षरें उमटलीं होतीं. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं देवनागरी टंक तयार करतांना इंग्रजी अक्षरांच्या अंकांवरच देवनागरी आकृति बसवीत असत. तो टंक दुसऱ्या संगणकावर नसला कीं वेष उतरतो आणि खालचीं इंग्रजी अक्षरें उघडीं पडतात. १९९१ च्या युनिकोडमध्यें देवनागरीस स्वतःचे अंक मिळाले. तरीहि जोडणी जाणणारी व्यवस्था नसेल तर जोडाक्षरें सुटतात, आणि ऱ्हस्व वेलांटी, जी साठवितांना व्यंजनानंतर असते, ती भलत्याच ठिकाणीं जाऊन बसते. यावर उपाय हा कीं, ज्या संगणकावर मजकूर शुद्ध दिसतो तेथेंच त्याची पीडीएफ करावी, व तींत टंक अंतर्भूत करावा. पीडीएफच्या गुणधर्मांत टंकांची यादी असते. तेथें नांवापुढें 'एम्बेडेड' असा शब्द दिसला म्हणजे टंक फाइलीबरोबर प्रवास करील अशी खातरी होते. आम्हीं तसें केलें, आणि नांवें शुद्ध छापलीं गेलीं.

आतां शोधाची रीत सांगतों, कारण लक्षणें पाठ करण्यापेक्षां रीत अंगीं बाणणें अधिक मोलाचें आहे.

प्रथम रांगेंतील अडलेलें काम काढून टाकावें. तेंच काम पुन्हां पुन्हां पाठविणें म्हणजे खड्ड्यांत गाडी रुतली असतां चाक फिरवीत राहण्यासारखें आहे. मग प्रिंटरनें स्वतःचें चांचणीपान छापावें. तें शुद्ध निघालें तर शाई, कागद व यंत्राचे अवयव बहुधा निर्दोष आहेत. शिवाय यंत्रास कोणत्या भाषा येतात तेंहि त्यावर पुष्कळदां लिहिलेलें असतें. नंतर त्याच संगणकावरून दोन ओळींची साधी फाइल छापावी. ती बिघडली तर ड्रायव्हर पाहावा. ती नीट निघाली तर संशय मूळ फाइलीवर येतो. अशा वेळीं ती फाइल दुसऱ्या प्रिंटरवर छापून पाहावी, किंवा घोस्टस्क्रिप्टसारख्या साधनानें पडद्यावर उघडावी. १९८८ पासून उपलब्ध असलेलें हें साधन पोस्टस्क्रिप्ट व पीडीएफ वाचतें, आणि कागद न खर्चितां चूक दाखवितें.

फाइल मोठी असेल तर अर्ध्याअर्ध्यानें शोधावें. ६४ पानांच्या पीडीएफमध्यें एकच पान दोषी असेल तर प्रथम ३२ पानें छापावीं. तीं नीट निघालीं तर दोष उरलेल्या ३२ पानांत आहे. मग १६, ८, ४, २, १ असें करीत गेल्यास ६ चांचण्यांत तें पान हातीं लागतें. त्या पानावरील एखादें अवजड चित्र किंवा बिघडलेला टंक हें बहुधा कारण निघतें. वेळ थोडा असेल तर 'प्रतिमा म्हणून छापा' हा पर्याय निवडावा. मग पानाचें चित्र संगणकच करून देतो, व प्रिंटरवरील अर्थ लावण्याचें ओझें कमी होतें. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानें आला हें कधींच कळत नाहीं.

प्रशस्तिपत्रकें समारंभाच्या आदल्या सायंकाळीं छापून झालीं. तें काम त्याच विद्यार्थ्यानें केलें. परंतु त्यापूर्वीं आम्हांस एक काम करावयाचें होतें. ज्या चार माणसांदेखत त्यास आम्ही बोललों होतों, त्या चौघांस कार्यालयांत बोलावून आम्हीं चूक आमची होती असें सांगितलें, आणि वायां गेलेला पहिला कागद हातांत धरून ती कशी झाली तेंहि समजाविलें. मुलगा कांहींच बोलला नाहीं. त्यानें तो कागद घडी करून वहींत ठेवला, व आजोबांना दाखवितों म्हणाला.

विद्यार्थीमित्रहो, यंत्र खोटें बोलत नाहीं. त्यास जें लिहून दिलें तेंच तें करतें. म्हणून बिघाड झाला तर तें काय सांगतें आहे तें आधीं वाचा. पालकांस व आम्हां शिक्षकांस मात्र आजोबांचें वाक्यच पुरेसें आहे: आधीं फर्मा पाहावा, मग माणसाला बोलावें.