फोटो उजळ, रंग तोच!

वडखळ नाका माहीत नाही असा मुंबई-पुण्याचा नोकरदार प्राणी शोधूनही सापडणार नाही. शनिवारी सकाळी अलिबागचा बीच गाठायला निघालेली अर्धी जनता या तिठ्यावर कधी ना कधी अडकलेली असते. सरळ गेलात तर गोवा, उजवीकडे वळलात तर अलिबाग. मधल्या वेळात वडापाव आणि सीझन असेल तर पांढऱ्या कांद्याची माळ. तुमच्यासाठी वडखळ एवढंच! माझ्यासाठी मात्र ते मामाचं गाव. गेल्या मार्चमध्ये तिथून मला तातडीचं बोलावणं आलं, तेही एका अत्यंत गंभीर कामासाठी. मामेबहिणीच्या बायोडेटाचा फोटो!

खरं तर एक फोटो आधीच काढून झाला होता. एका स्टुडिओत. मागे पांढरं बॅकग्राउंड, अंगावर पैठणी आणि चेहरा... परातभर मैदा उडाल्यासारखा. गंमत म्हणजे चेहऱ्याखालची मान तिची स्वतःची होती, छान सावळी. हातही तिचेच. फक्त चेहरा कुणा भलतीचा! नाक जवळपास गायब, दोन डोळे आणि लिपस्टिक तेवढी तरंगतेय. मामीने कॉम्प्युटरशेजारी बसून ‘दादा, अजून थोडी उजळ करा ना’ असं तीनदा सांगितलं होतं, त्याचा हा प्रताप.

हसून सोडून दिलं असतं. पण या फोटोवरून दोन स्थळं घरी येऊन गेली होती. दुसऱ्या वेळी मुलाच्या मावशीने पोह्यांची बशी हातात घेत म्हटलं, “फोटोत उजळ वाटली होती हो.” बस्स, एवढंच. ऑफिसात अख्खी टीम सांभाळणारी आमची इंजिनीअर त्या रात्री जेवली नाही. मामीचं म्हणणं, सावळा फोटो दिला तर कुणी यायचंच नाही. बहिणीचं म्हणणं, “ताई, फोटो मस्तच हवा. पण माझा हवा.”

आता मामीला हवा होता तो ‘मासिकात असतो तसला पांढरा-पांढरा’ फोटो. त्याला म्हणतात हाय-की पोर्ट्रेट. साबण, दूध, बेबी पावडरच्या जाहिराती आठवा. मागचा पडदा पांढरा, कपडे फिके, सावल्या जेमतेम, सगळा मूड हलकाफुलका. स्टुडिओच्या भाषेत मुख्य दिव्याला ‘की लाइट’ म्हणतात आणि सावली भरून काढणाऱ्या दिव्याला ‘फिल लाइट’. दोघांची ताकद जवळपास सारखी केली की सावल्या विरघळतात. म्हणजे सगळा खेळ उजेडाचा. कातडीच्या रंगाचा इथे काही संबंधच नाही! घोळ घातलाय तो आपल्या भाषेने. फोटोही उजळ आणि मुलगीही उजळ, दोन्हीला शब्द एकच.

कॅमेऱ्याचा स्वतःचा एक घोळ असतो, तो वेगळाच. समोर काहीही असो, सरासरी मध्यम राखाडी यावी एवढंच त्याच्या मीटरला कळतं. पांढरी भिंत दाखवा, तो तिला मळकी करणार. पटत नसेल तर मी केलं तो प्रयोग करा. पांढऱ्या चादरीवर पांढऱ्या कांद्याची माळ ठेवा आणि ऑटोवर फोटो काढा. कांदा चक्क धुरकट येतो! एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एक ते दीडवर नेलं की कांदा पांढरा. मामा म्हणाला, “कांद्याचाही बायोडेटा करतेस की काय?”

मग मामाच्या पडवीत दहा वाजताचा उजेड पकडला. चुन्याची भिंत, बहीण भिंतीपासून चार-पाच फूट पुढे म्हणजे मागे सावली पडणार नाही, एका बाजूला मोठी खिडकी आणि दुसऱ्या बाजूला तीच चादर दोरीवर टांगलेली. झाला आमचा फिल लाइट! अंगात फिका सुती कुर्ता. फोटो रॉ फॉरमॅटमध्ये काढले, कारण जेपीईजीमध्ये नंतर खेचाखेची करायला फारसा वाव उरत नाही. मोबाइलवर काढणार असाल तर आधी तो ब्युटी मोड बंद करा. तो न विचारताच मैदा उधळतो.

एडिटिंगला बसलो तेव्हा मामीने खुर्ची ओढून माझ्या शेजारीच टाकली.

फोटोशॉपमध्ये आधी लेव्हल्स. तिथे डोंगरासारखा एक आलेख दिसतो, तो हिस्टोग्राम. डावीकडे काळं म्हणजे शून्य, उजवीकडे पांढरं म्हणजे २५५. हाय-की फोटोत हा डोंगर उजवीकडे झुकलेला असतो. झुकलेला हं, भिंतीवर आदळलेला नाही. २५५ ला पोचलेल्या जागी काहीच शिल्लक नसतं, नुसता कोरा कागद. भिंत कोरी झाली तर चालतं, गाल नाही. मधला स्लायडर १.०० वरून १.२० च्या आसपास नेला आणि थांबले.

मग लेयरची कॉपी केली आणि ब्लेंड मोड ‘स्क्रीन’. एका क्लिकमध्ये सगळं लख्ख! मामी खूश. “हेच हवं होतं गं!” आणि नेमकं इथेच बहुतेक जण फसतात. मी लेयर मास्क लावला, मऊ काळा ब्रश घेतला, ओपॅसिटी तीसच्या आसपास, आणि चेहरा, मान, हात यांवरून सावकाश फिरवत ती जादा लकाकी पुसली. भिंत आणि कुर्ता पांढरे राहिले, माणूस परत आला. मामीचा चेहरा पडला.

तेव्हा मी तिला दोन्ही फोटो शेजारी ठेवून आयड्रॉपर दाखवला. या टूलने कुठल्याही ठिपक्यातला लाल, हिरवा, निळा आकडा वाचता येतो. माझ्या मूळ फोटोत तिच्या गालावर १७०, १२०, ९५. लाल आणि निळ्यात पंचाहत्तरचा फरक, म्हणजे ऊब, म्हणजे तिचा तो तांबूस सावळा रंग. स्टुडिओच्या फोटोत त्याच जागी २३८, २२५, २१५. फरक उरला तेवीसचा! उजेड वाढवताना रंगच धुऊन गेला होता. मी गाल उजळ केला, पण तीन आकड्यांमधलं अंतर फारसं मिटू दिलं नाही. जिथे फिकं वाटलं तिथे व्हायब्रन्स थोडा वाढवला. मान आणि चेहरा एकाच माणसाचे दिसतात ना, ही त्याची साधी चाचणी.

(ब्लॅक अँड व्हाइट करणाऱ्यांनो, लाल चॅनल वापरला की कुठलीही त्वचा झटकन फिकी होते. मोह होतो. जपून!)

पुढचं काम डोळ्यांचं. पेण इथून जवळच. तिथल्या किंवा हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत गेला असाल तर रंग लागण्याआधीच्या पांढऱ्याशुभ्र मूर्तींच्या रांगा पाहिल्या असतील. सगळं घडवून झालेलं असतं, तरी मूर्ती बघत नसते. मग सराईत हात डोळ्यांची आखणी करतो आणि ती एकदम आपल्याकडे बघायला लागते. हाय-की फोटोचंही तस्संच. एवढ्या पांढऱ्यात बुबुळ, पापण्या, भुवया, ओठांमधली रेघ आणि केस यांना खरा काळा हवाच. कर्व्ह्जचा वेगळा लेयर घेऊन गडद टोक खाली ओढलं आणि मास्कमधून फक्त तेवढ्याच जागी रंगवलं. फोटोशॉप नसेल तर गिम्प फुकट आहे, लेव्हल्स-मास्क सगळं त्यातही होतं. मोबाइलवर स्नॅपसीड. त्यात एडिट केल्यावर ‘व्ह्यू एडिट्स’मध्ये जाऊन इफेक्ट हवा तिथेच बोटाने रंगवता येतो.

त्या स्टुडिओवाल्या दादांवर मी चिडले नाही. गिऱ्हाईक मागेल ते ते देतात. शिवाय हे दुखणं जुनं आहे. कोडॅकच्या काळात प्रिंटिंग लॅबमध्ये रंग जुळवायला ‘शर्ली कार्ड’ असायचं, एका गोऱ्या बाईचा फोटो. तिचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर! वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं. गुगलने सावळ्या-काळ्या त्वचेसाठी ‘रिअल टोन’ आणलं ते २०२१ मध्ये, पिक्सेल ६ बरोबर. आपल्याकडे २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीतलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं आणि त्याच वर्षी शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढून टाकला. मामीच्या डोक्यातला फिल्टर काढायला मात्र कुणी आलं नव्हतं.

संध्याकाळी नाक्यावर जाऊन ए-फोरवर प्रिंट काढली. बहिणीने आधी पाहिली, काही बोलली नाही, फक्त मोबाइलवर तिचा फोटो काढून डीपीला लावला. मामी बराच वेळ कागद धरून बसली.

“नाक अगदी सासूबाईंचं घेतलंय हिने,” ती म्हणाली. मग कागदावर बोट फिरवत, “पण याला कडा कुठेय?”

बॅकग्राउंड २५५, कागदही पांढरा. कडा दिसणार कुठून! मी घरी येऊन फोटोभोवती बारीक राखाडी रेघ मारून फाइल परत पाठवली.