मरे नदीकाठचा दावा

गोरे लोक आले तेव्हा ऑस्ट्रेलियाची भूमी कुणाच्याच मालकीची नव्हती, हे जुने खोटे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी एडी माबो यांच्या खटल्यात मोडीत काढले. पुढच्या वर्षी मूलनिवासींच्या भूहक्काचा कायदा झाला. त्याच कायद्याखाली फेब्रुवारी १९९४मध्ये यॉर्टा यॉर्टा या मूलनिवासी लोकांनी आपला दावा दाखल केला.

त्यांचा मुलूख मरे आणि गोलबर्न नद्यांच्या संगमाभोवतीचा, व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांत विभागलेला. पुराच्या पाण्यावर वाढणारे बार्माचे निलगिरीचे जंगल इथलेच. होड्यांसाठी साल सोलल्याचे लांबट व्रण तिथल्या जुन्या खोडांवर अजून आहेत. दावेदारांनी मागितली होती ती सरकारी जमीन आणि पाणी. तरीही शेकडो पक्षकार विरोधात उभे राहिले.

सुनावणी ११४ दिवस चालली, २०१ साक्षीदार तपासले गेले. फेडरल न्यायालयाचे न्या. हॉवर्ड ओल्नी यांनी १८ डिसेंबर १९९८ रोजी दावा फेटाळला. पूर्वजांचे कायदे आणि चालीरीती इतिहासाच्या लाटेत वाहून गेल्या, असे त्यांचे म्हणणे. त्या चालीरीती मुळात कोणत्या, हे ठरवताना त्यांनी आजच्या वृद्धांच्या साक्षींपेक्षा एडवर्ड कर यांच्या पुस्तकाला अधिक वजन दिले. कर १८४१पासून याच मुलखात मेंढ्या पाळत होते, आणि त्यांच्या आठवणी १८८३मध्ये छापल्या गेल्या. ज्याच्या कळपांनी या लोकांची कुरणे बळकावली, तोच त्यांच्या परंपरेचा सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार ठरला! हे लोक गरजेपेक्षा जास्त मासे मारून टाकून देत, असे कर यांनी लिहिले. म्हणून नदी-जंगल जपण्याची आजची धडपड न्यायालयाच्या लेखी परंपरा ठरली नाही. संग्रहालयांतून परत मिळवलेल्या पूर्वजांच्या अस्थी पुन्हा पुरणे हेही परंपरेत बसले नाही.

याहून जिव्हारी लागते ते १८८१च्या अर्जाचे. याच मुलखातल्या मलोगा मिशनमधल्या ४२ मूलनिवासींनी गव्हर्नरकडे जमीन मागितली होती. आमची सारी जमीन सरकारने आणि वसाहतवाल्यांनी घेतली, शिकार संपत आली, कसून खायला जमीन द्या, अशी ती विनवणी. न्यायालयाने तिच्यातून अर्थ काढला तो परंपरा सुटल्याचा. माझ्या मते हा अर्ज म्हणजे मुलखावरचा हक्क न सोडल्याचा पुरावा आहे. त्याच परंपरेतून यॉर्टा यॉर्टा नेते विल्यम कूपर यांनी १९३०च्या दशकात ब्रिटनच्या राजाला द्यायच्या अर्जासाठी सह्या गोळा केल्या. फेब्रुवारी १९३९मध्ये कमेरागंजा वस्तीतले लोक व्यवस्थापनाच्या जाचाला कंटाळून घरे सोडून निघाले आणि नदी ओलांडून व्हिक्टोरियात आले. सरकारकडून मुले उचलून नेली जाण्याची भीती त्या काळी घराघरांत होती. अशी खंडितता ज्यांनी लादली, त्यांच्याच वारसांपुढे अखंडता सिद्ध करायची होती.

१२ डिसेंबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी यॉर्टा यॉर्टांचे अपील फेटाळले. ब्रिटिश सत्ता आल्यापासून समाज आणि त्याचे नियम जवळपास अखंड चालू असले पाहिजेत, ही कसोटी तिथे पक्की झाली. न्या. मेरी गॉड्रन आणि न्या. मायकल कर्बी यांनी भिन्नमत नोंदवले.

२००४मध्ये व्हिक्टोरिया सरकारने यॉर्टा यॉर्टांशी सहव्यवस्थापनाचा करार केला. त्यात त्यांना सल्ल्याचा अधिकार मिळाला, शेवटचा शब्द मंत्र्यांचाच राहिला. २०१०मध्ये बार्मा राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि त्याच्या संयुक्त व्यवस्थापनाचा करारही झाला. २००२ची ती कसोटी मात्र भूहक्काच्या दाव्यांना अजूनही लावली जाते.