जुन्या गाडीत ई२० पेट्रोल : इंजिन नव्हे, आधी नळी बघा

शिरूर/दौंड : 'ई२० पेट्रोलनं जुनी गाडी खलास होते' असे व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरत आहेत. रांजणगावची शिफ्ट असो की केडगावचा बाजार, दोन्ही तालुक्यांत आजही दहा-पंधरा वर्षांच्या मोटारसायकली रोज पळतात. काहींच्या दारात चेतक, राजदूत, एम-८० जपून ठेवलेल्या आहेत. या गाड्यांना खरा धोका कशाचा, हे समजून घेतलं तर थोडक्या खर्चात काम भागतं.

ई२० म्हणजे काय?
शंभर लिटरमध्ये ८० लिटर पेट्रोल आणि २० लिटर इथेनॉल. इथेनॉल उसाच्या रसापासून व मळीपासून, तसंच मका आणि तांदळापासून बनतं. म्हणजे भीमा-घोडच्या काठचा ऊस आता गाडीच्या टाकीतही येतोय. देशात २०२२ मध्ये १० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे सुटे भाग ई२० चालेल असे केलेले आहेत. प्रश्न आहे तो त्याआधीच्या गाड्यांचा.

अशी भीती पूर्वीही होती. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट झिजतील अशी चिंता होती, कारण शिशाचा थर त्यांना जपायचा. त्या वेळी पेट्रोलमधून एक गोष्ट काढली होती. आता एक गोष्ट घातली आहे, त्यामुळे त्रासाची जागाही वेगळी आहे.

त्रास कुठे होतो?
१) *रबर* : जुन्या पेट्रोल नळ्या, ओ-रिंग, गॅस्केट इथेनॉलनं फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. गळकं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडलं तर गाडी पेट घेऊ शकते. सगळ्यात मोठा धोका हाच.

२) *पाणी* : इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं. कॉक तळातूनच ओढतो, मग गाडी बंद पडते आणि टाकी आतून गंजते.

३) *कार्बोरेटर* : इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, झटके देते, जास्त तापते. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्या हे बरंचसं आपोआप सांभाळून घेतात.

अॅव्हरेज किती घटतं?
इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार जुन्या दुचाकींचं अॅव्हरेज ३ ते ४ टक्के आणि जुन्या चारचाकींचं ६ ते ७ टक्के घटू शकतं. म्हणजे ६० देणारी मोटारसायकल ५८ च्या आसपास येईल. थेट ४५ वर आली असेल, तर दोष नुसता पेट्रोलला देऊ नका. एअर फिल्टर, प्लग, कार्बोरेटर तपासून घ्या.

काय करायचं?
• नळी हातानं दाबून बघा. चिकट, फुगलेली किंवा तडकलेली असेल तर लगेच बदला. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी घरात लावू नका. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं सरकारनंही सांगितलं आहे.
• इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं. सुरुवातीला फिल्टर आणि कार्बोरेटरची वाटी साफ करून घ्या.
• प्लग पांढरा पडत असेल तर मेकॅनिककडून मिश्रण थोडं घट्ट करून घ्या.
• टू-स्ट्रोक गाडीत ऑइलचं प्रमाण कमी करू नका.
• गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत मोकळ्या जागेत चालू ठेवा. वाटी रिकामी होते. पावसाळ्यात टाकीचं झाकण आणि त्याचं रबर नीट बघा.

बाटलीतल्या 'पाण्या'चं काय?
१०० मिली ई२० मध्ये १० मिली पाणी टाकून हलवलं, तर खाली सुमारे ३० मिली थर दिसतो. तो सगळा पाण्याचा नसतो; पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरलेलं असतं. त्यामुळे एवढ्यावरून भेसळ सिद्ध होत नाही. पण पाणी न टाकताच बाटलीत दोन थर दिसले, तर ते पेट्रोल वापरू नका. पावती जपून ठेवा आणि पंपावर लगेच तक्रार करा. फिल्टर पेपर, घनता आणि पाच लिटरच्या मापाची तपासणी मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे.