वऱ्हाडचें ऊन आणि घरचा हिशेब

वऱ्हाडांत उन्हाची वाण कधींच नव्हती. वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेव्हां सूर्यापासून वीज करण्यास याहून योग्य प्रदेश कोणता, असें कोणासही वाटावें. परंतु सौर पॅनेलला हवा असतो तो प्रकाश; उष्णता त्याला मानवत नाहीं. त्याची शक्ति २५ अंश तपमानास मोजलेली असते. त्यापुढील अंशागणिक ती सुमारें ०.३ ते ०.४ टक्क्यांनीं घटते. पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलें, तर शेंकडा १२ ते १६ वीज बुडते. म्हणून खालून वारा खेळेल अशा बेतानें तें उंचावर बसवावें लागतें.

थंड प्रदेशाची गोष्ट उलट. चिखलदऱ्याच्या गार हवेंत पॅनेल फारसें तापत नाहीं. पण पावसाळ्यांत तेथें धुक्यानें व ढगांनीं सूर्यच झांकला जातो. जर्मनींत एका किलोवॅटमागें वर्षाला सुमारें १,००० युनिट वीज मिळते, तर अमरावती-अकोल्याकडे सुमारें १,४००. तरीही जर्मन गृहस्थांनीं हा खर्च पत्करला, कारण तेथील वीज महाग आहे. अर्थात् लाभ केवळ उन्हावर नव्हे, तर वीजबिलावरही अवलंबून असतो.

आतां हिशेब पहावा. २०२४ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंत ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरलें. संचाची किंमत १,८०,००० रुपये धरली, तर पदरचे १,०२,००० लागतात. वर्षाकाठीं ४,००० युनिट वीज घरींच खपली व युनिटमागें ८ रुपये वांचले, तर ३२,००० रुपये होतात. म्हणजे सव्वातीन वर्षांच्या आंत रक्कम फिटते.

परंतु महिना १०० युनिटांत भागविणाऱ्या कुटुंबास पहिल्या टप्प्याची वीज मुळांतच स्वस्त मिळते. युनिटमागें ५ रुपये धरले, तर त्याचे वर्षाला ६,००० रुपयेच वांचतात. शिल्लक विजेला वर्षअखेर मिळणारा दरही अल्प असतो. अशा घरानें कर्ज काढून मोठा संच घेणें म्हणजे बिलाऐवजीं हप्ता पत्करणें होय. त्यास १ किलोवॅटचा संच पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बॅटरीवांचून असलेला साधा संच बाहेरची वीज गेली कीं बंद पडतो. म्हणून विक्रेत्यास बोलावण्यापूर्वीं गृहस्थानें गेल्या बारा महिन्यांचीं बिलें पुढें मांडावींत. आपल्या छपरावर किती पॅनेलें शोभतील, तें तीं बिलेंच सांगतील.